फळा आणलाय, आता पुढे काय?

प्रश्न: ताई, सलाम. आम्हाला दोन मुलं, मोठी आठ वर्षांची, आत्ता तिसरी संपली, धाकटा पाचचा. मी आणि मिस्टरांनी वर्षभर प्रार्थना करून ठरवलंय की सुट्टीनंतर मोठीला परत शाळेत नाही पाठवायचं, दोघांना घरीच शिकवायचं, बायबलच्या वचनाच्या पायावर. फळा आणला, भिंतीवर टाईमटेबल लावलं, साडेआठ ते दोन, पहिला तास बायबल. करिक्युलम कुठला घ्यावा ह्यातच अडकलेय, रोज रात्री फोनवर तेच बघत बसते. चर्चच्या मंडळीतले निम्मे शाबास म्हणतात, निम्मे म्हणतात पोरांचं वाटोळं करणार. आणि खरं सांगू का, माझंच गणित कच्चं आहे. सुरुवात कुठून करू?
– एक आई

उत्तर: ताई, सलाम. फळा राहू द्या, पोरं चित्रं काढतील. टाईमटेबल मात्र आजच भिंतीवरून काढा, कारण साडेआठ ते दोन ही वेळ शाळेने तीस-चाळीस मुलांसाठी बसवलेली असते, त्यात हजेरी, रांगा, गप्प बसा, वह्या काढा हे सगळं धरलेलं असतं, तुमच्या घरी दोनच मुलं आहेत.

आधी कायद्याचं बघून घ्या. जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवलं तर पालकांवर कारवाई होते, आणि अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत परवानगी आहे पण नियम राज्याराज्यात वेगळे, कुठे नुसतं कळवायचं तर कुठे दरवर्षी परीक्षा. म्हणून तुमच्या इथे कोणाला कळवायचं, पुढे बाहेरून परीक्षेला बसता येतं का, हे लेखी विचारा, शेजारणीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मग मोठीला जरा मोकळं सोडा. होमस्कूलवाल्यांत एक ढोबळ हिशोब चालतो, शाळेत काढलेल्या दर वर्षामागे एक महिना. म्हणजे तिला तीनेक महिने. ह्या काळात मोठ्याने वाचून दाखवा, बागेत न्या, घरकामात घ्या, आणि ती कुठे रमते ते बघा. पहिल्या पंधरा दिवसांत ती "बोअर होतंय" म्हणून डोकं खाईल, खाऊ द्या.

आता बायबलच्या तासाचं, इथे मी थोडी लांबण लावणारे, कारण इथेच मी स्वतः माती खाल्ली. आमचा मोठा चुकला की मी त्याला वचन दहा वेळा लिहायला लावायचे. मला वाटायचं शिस्तही लागतेय आणि पाठांतरही होतंय, एका दगडात दोन पक्षी. एक दिवस संध्याकाळी मी सहज बायबल हातात घेतलं तर हा पठ्ठ्या दारातच थांबला आणि म्हणाला, "पण आज मी काहीच केलं नाही ना?" माझ्या पोटात खड्डा पडला. त्या दिवसापासून शिक्षा म्हणून वचन लिहिणं बंद, मार्क बंद, बायबलची वहीसुद्धा बंद. बायबलमधल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायचं सांगितलंय ते घरी बसताना, वाटेने जाताना, निजताना, उठताना. तिथे तास नाहीये.

तुम्हाला कोणीतरी सुझाना वेस्लीचं उदाहरण देईलच, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली ह्या भावांची आई, म्हणून आधीच सांगते. १९ मुलं झाली, त्यातली १० जगली, आणि ती घरीच दिवसाला सहा तास शाळा घ्यायची, मूल पाच वर्षांचं झालं की अक्षरं, आणि ती आली की थेट उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचायला. हे ऐकून बायका सहा तासांची नक्कल करायला जातात. मला तिची दुसरीच गोष्ट आवडते, ती रोज रात्री एकेका मुलाला एकट्याला घेऊन बोलत बसायची, जॉनचा वार गुरुवार. पुढे मोठा झाल्यावर त्याने आईला पत्र लिहून त्या गुरुवारची आठवण काढली. तुमच्याकडे दोनच आहेत, वार वाटून द्या.

अभ्यासाचं म्हणाल तर शार्लट मेसन (१८४२-१९२३) ह्या ब्रिटिश शिक्षिकेचं ऐका, त्याही ख्रिस्ती विचारांच्याच. त्यांचं म्हणणं, आठच्या आतल्या मुलांचा धडा वीस मिनिटांच्या वर नको, आणि एकदाच वाचून दाखवायचं, मग मुलानेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. करून बघा. बायबलमधली दावीद आणि गल्याथची गोष्ट वाचा आणि धाकट्याला विचारा काय झालं, तो पाच गोटे आधी सांगेल आणि राजाचं नाव विसरेल, चालतंय, मध्ये टोकू नका. मोठीचं वाचन, गणित, लेखन मिळून दीड-दोन तासांत आटपतं.

गणित तिच्या शेजारी बसून तुम्हीही शिका, आईलासुद्धा खोडरबर लागतो हे बघून पोरांची भीती जाते. नाहीतर मिस्टरांकडे द्या, प्रार्थना दोघांनी केलीत तर काम एकट्या बाईवर का?

करिक्युलमचं मला तीन महिन्यांनी लिहा. तोवर फोन रात्री दुसऱ्या खोलीत.

प्रश्न: घरी शिकवतो तर विज्ञान वगैरे सगळं फक्त ख्रिस्ती पुस्तकांतूनच शिकवावं का?
– एक बाबा

उत्तर: भाऊ, माझं मत नाही. पुढे कॉलेजला जायचं तर नेहमीचं विज्ञान यायलाच हवं, आणि खगोलशास्त्रज्ञ केपलर देवावर विश्वास ठेवूनच ग्रहांचे नियम मांडत होता, त्याला आकडेमोड चुकवायची गरज पडली नाही. जे पटत नाही तेही मुलांना तुमच्यासमोर वाचू द्या, मग जेवताना भांडा त्यावर.