भावाला रेनेसाँ आर्किटेक्चरवर पीएचडी करायचीय, त्यापेक्षा ग्रीन हायड्रोजनसारखं उपयोगी काहीतरी कर हे त्याला कसं पटवू?

तुम्ही लिहिलंय की भावाचं बी.आर्क. झालंय, आता त्याला इटलीतल्या रेनेसाँ वास्तुकलेवर संशोधन करायचंय, भारतात त्याला गाईड मिळेल का, आणि त्यापेक्षा हायड्रोजन, बॅटरी असलं देशाच्या कामाचं काही कर हे त्याच्या गळी कसं उतरवायचं. मी हायड्रोजनवाला आहे आणि माझी सख्खी ताई घुमटवाली. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी एक सांगा, बी.आर्क. झालेल्या मुलाला कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावर, पीएचडीला घेणार कोण? इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणजे काय सुट्टीतला क्लास आहे का? म्हणजे तुमचा प्रश्न हायड्रोजनचा नाहीचे, चारचौघांत भाऊ काय करतो हे सांगायला लाज वाटू नये याचा आहे. राग मानू नका, आमच्या घरात हे दहा वर्षं चाललंय.

आमच्याकडे गौरी जेवणाला सगळं खानदान सदाशिव पेठेत जमतं. मी तेव्हा पुण्यातल्याच एका लॅबमध्ये पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला, पाण्यापासून हायड्रोजन काढायला स्वस्तातला निकेलचा कॅटॅलिस्ट बनवत होतो. बाबा कौतुकाने सांगायचे, "हा हायड्रोजनवर आहे." ताईचा विषय निघाला की "तिचं चालू आहे अजून." ताई फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर काम करायची, ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराचा तो, 1420 ला काम सुरू झालं आणि 1436 ला घुमट पुरा झाला. त्या वर्षी काका पुरणपोळीवर तूप घेता घेता म्हणाले, "सहाशे वर्षं झाली, घुमट बांधून झाला, पडलाही नाही, मग हिचं संशोधन कसलं चाललंय?" सगळे हसले. मीही हसलो आणि जरा जास्तच हसलो, कारण त्या आठवड्यात माझे रिझल्ट झकास आले होते आणि डोकं जागेवर नव्हतं.

जेवणं आवरल्यावर ताईने शोकेसमधून बाबांच्या जुन्या कॅसेटी काढल्या आणि टेबलावर मांडून काकांना दाखवायला बसली. घुमटाची भिंत वर जाताना आत कलत जाते, एरवी खालून लाकडाचा सांगाडा उभा करून त्यावर विटा रचतात, पण इथे साधारण 45 मीटरचा गाळा आणि तोही प्रचंड उंचीवर, तेवढं लाकूड आणायचं कुठून आणि पेलायचं कसं. तर ब्रुनेलेस्कीने विटांचे आडवे थर लावताना मध्ये मध्ये एकेक वीट उभी ठेवली, जी पुढच्या थरातही डोकं वर काढून राहते, म्हणजे चुना ओला असताना वरचा थर आत घसरत नाही, उभ्या विटांच्या मध्ये अडकून बसतो. कपाटात पुस्तकं कलंडू नयेत म्हणून आपण मध्ये एखादं जाडजूड घट्ट बसवतो, साधारण तसंच. आणि गंमत म्हणजे गड्याने या कामाचं एकही ड्रॉइंग मागे ठेवलं नाही. त्यामुळे नक्की कसं जमवलं यावर आजही इंजिनिअर लोक भांडतात आणि घुमटाला भेगा आहेत, त्यांच्यावर कित्येक दशकं उपकरणं लावून नजर ठेवलीये. ज्या वास्तूला भेगा पडल्यात ती मुळात उभी कशी राहिलीये हे नको का कळायला? काका म्हणाले, "कॅसेटी परत नीट लाव, भीमसेनजींच्या आहेत."

खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. रात्री माझी लॅबची वही टेबलावर पडली होती, ताई सहज चाळायला लागली, केमिस्ट्रीतलं तिला ओ की ठो कळत नाही. एका पानावर थांबून म्हणाली, "इथे तुझं पेन बदललंय. आधी निळं, इथून काळं. तारखाही बारा दिवसांनी उडी मारतायत. आणि तुझे ते भारी आकडे बरोब्बर इथूनच सुरू होतायत. मधल्या दिवसांत काय बदललं?" मी म्हणालो, काही नाही, आजारी होतो. "तुझ्या मागे टेबलावर कुणी काम केलं? बाटल्या त्याच होत्या का?" मी वैतागून म्हणालो, "ताई, हा घुमट नाहीये." ती बिचारी गप्प बसली. हे वाक्य मला अजून टोचतं.

बाटली बदलली होती. मी आडवा पडलेलो असताना आधीची पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली संपली आणि ज्युनिअरने दुसरी फोडली, दुसऱ्या कंपनीची, स्वस्तातली. आता या धंद्यातल्या लोकांना पुढचं ऐकून हसू येईल. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या त्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये पीपीएमच्या हिशोबात, म्हणजे दहा लाखांत काही भाग इतकंच, लोखंड असतं, ते द्रावणातून निकेलच्या इलेक्ट्रोडमध्ये शिरतं आणि ऑक्सिजन सुटण्याची क्रिया (पाणी फोडताना हायड्रोजनसोबत तोही सुटतो) भन्नाट सुधारते. पाणी फोडायला कागदावर 1.23 व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात वर जे जास्तीचे द्यावे लागतात ते कमी करण्यासाठीच आमची सगळी मारामारी. माझे ते जास्तीचे व्होल्ट खाली आले ते मी निकेलमध्ये मुद्दाम घातलेल्या कोबाल्टमुळे नाही, फुकटात आलेल्या लोखंडामुळे. कॉरिगन नावाच्या संशोधकाने हे 1987 मध्ये लिहून ठेवलंय, 2014 मध्ये अमेरिकेत बोएचरच्या ग्रुपने पुन्हा ठणकावून दाखवलं, आणि मी दोन्ही पेपर वाचलेले होते!! वाचलेले होते पण आपल्या बाटलीला ते लागू होतं असं वाटलं नाही.

सहा महिन्यांनी माझा पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने शब्दशः ताईचा प्रश्न विचारला, द्रावण कुठलं, त्यातलं लोखंड काढलं होतं का. मग शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ त्यात घालून हलवून रात्रभर ठेवायचा, तो लोखंड ओढून घेतो, मग वरचं निवळ द्रावण वापरायचं, असं करून सगळे प्रयोग परत केले. आलेख झोपला. चार महिने गेले, पेपर अर्धा झाला, गाईडने आठवडाभर तोंड फिरवलं. तोच प्रश्न सहा महिने आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर फुकट मिळाला होता, विचारणारी घुमटवाली म्हणून मी तो उडवून लावला.

ताईला तो प्रश्न सुचला कारण घुमटाच्या जुन्या कागदपत्रांत तिचं कामच ते आहे, कागद कुणाचा, शाई कुठली, मध्ये खंड का पडला, हा हिशोब त्याच वर्षीचा आहे की नंतर कुणी घुसवला. आम्हाला असलं कुणी शिकवत नाही, आम्हाला मशीनचं बटण शिकवतात.

आणि उपयोगाचंच म्हणाल तर आमच्या क्षेत्रात तरी कुठे सगळं ठरवून होतं? अमोनियाच्या कॅटॅलिस्टसाठी बीएएसएफ या जर्मन कंपनीत मिटाश नावाच्या केमिस्टच्या लोकांनी हजारो प्रयोग केले, आणि हाताला काय लागलं, तर स्वीडनमधल्या गॅलिव्हारेचं लोहखनिज, जे चाललं ते त्यातल्या भेसळीमुळे. म्हणजे परत बाटलीत काय होतं हाच प्रश्न.

'भारतात बसून इटलीचं कशाला' यावर तर मला हसूच येतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, तो गृहस्थ आयुष्यात एकदाही भारतात आला नाही, जन्मभर ऋग्वेद करत बसला, त्याला आपण डोक्यावर घेतो. मग आपल्या पोरीने फ्लॉरेन्स केलं तर पोटात का दुखतं? वर लोक साळसूदपणे सांगतात, त्यापेक्षा विजापूर कर, जवळ आहे. अहो, गोल घुमट 1656 चा, बाहेरून साधारण 44 मीटर व्यासाचा, ताईने तोही पाहिलाय, आणि दोन्ही पाहिल्यामुळेच तिला दोन्हीतला फरक दिसतो. चौकोनावर गोल बसवायला विजापूरकरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घातल्या, फ्लॉरेन्सला अष्टकोनच वर नेला. हे पुण्यात बसून जास्त चांगलं कळतं, इटालियनांना विजापूर कुठे माहितीये.

बाकी पैशाचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर रक्कम दोघांना सारखीच, 2023 पासून महिन्याला 37,000. ती वेळेवर येत नाही, तेही दोघांना सारखंच.

आता एवढं बोललो तर हेही सांगायला हवं, नाहीतर भाऊ नंतर मला शिव्या घालेल. नोकऱ्या खरंच कमी आहेत. ताईचं निभावलं कारण ती आर्किटेक्चर कॉलेजात शिकवत होती, फ्लॉरेन्सच्या दीड महिन्याचा खर्च तिने त्याच पगारातून साठवला, घरातून एक रुपया मिळाला नाही, माझ्या कॉन्फरन्सचं विमानाचं तिकीट मात्र बाबांनी काढलं होतं. तुमचा भाऊही बी.आर्क. आहे म्हणजे हा आधार त्याला आहे, नुसतं बी.ए. असतं तर मी जरा जपून बोललो असतो. मी आता चाकणला इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांच्या, कंपनीत आहे, पगार तिच्यापेक्षा जास्त, नाकारत नाही. पण तो माझ्या हुशारीमुळे नाही, 2023 मध्ये सरकारने ग्रीन हायड्रोजन मिशनला 19,744 कोटी मंजूर केले आणि मी नेमका त्या रांगेत उभा होतो. मी सुरुवात केली तेव्हा काका मलाही विचारायचे की हायड्रोजनचा फुगा सोडून दुसरं काय होतं.

गाईडचं राहिलंच. मला त्यातलं कळत नाही म्हणून काल ताईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, गाईडचं नंतर बघू, तो इटालियन शिकायला लागलाय का ते आधी विचार.