उले एक, नावं दोन

प्रश्न : आमच्या सूनबाई अमेरिकेतल्या, मिनेसोटाच्या. त्यांचे खापरपणजोबा १८८२ च्या सुमारास नॉर्वेहून तिकडे गेले. घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर एका ओळीत ‘ओले लार्सन’ आणि खाली ‘ओले हाउगेन’ असं आहे. ही माणसं दोन की एक? नातवाच्या मुंजीआधी दोन्हीकडची वंशावळ करायची आहे. सुरुवात कुठून करू?
– एक आजोबा, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : माणूस बहुतेक एकच. आधी उच्चार. ‘ओले’ वाचून आपल्याला ओलं-सुकं आठवतं, पण म्हणायचं ‘ऊले’. ‘लार्सन’ हे त्याचं आडनाव नव्हे, आपण लावतो तसं मधलं नाव आहे : लार्सचा मुलगा. उलेचा मुलगा उल्सन, आणि उलेची बहीण लार्सडाटर. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नावही बदलतं. ती मात्र नांदायला गेली तरी कागदावर लार्सडाटरच.

‘हाउगेन’ म्हणजे टेकाड. ते शेतवाडीचं नाव. आपल्या ‘कर’सारखं वाटेल, पण पिंपळगावकर मुंबईला गेले तरी पिंपळगावकरच राहतात. तिकडे वाडी सोडली की नाव सुटायचं, आणि घरजावई झाला की सासुरवाडीच्या शेताचं नाव लागायचं. थोडक्यात, तो पत्ता होता. कायमच्या आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्याने आली. अमेरिकेत उतरल्यावर कुणी लार्सन धरलं, कुणी हाउगेन.

अडचण अशी की टेकाडं सगळीकडेच असतात, तशा हाउगेन नावाच्या वाड्या नॉर्वेभर आहेत. वडील गेले तेव्हा मी रामकुंडावर गेलो होतो. उपाध्यायांनी नाव नंतर विचारलं, आधी ‘मूळ गाव कोणतं?’ सिन्नरकडचं गाव सांगितल्यावर आडवी, लांबुळकी वही निघाली आणि तीत पणजोबांची मोडीतली सही. गाव ठाऊक नसतं तर त्या ढिगातून काय हाती लागणार होतं?

तेव्हा सूनबाईंना सांगा, नॉर्वेच्या वह्या मागाहून. आधी मिनेसोटातल्या त्यांच्या जुन्या लुथरन चर्चची नोंदवही पाहा. अमेरिकन नागरिकत्वाच्या कागदावर बरेचदा नुसतं ‘नॉर्वे’ असतं, पण चर्चच्या वहीत मूळ पॅरिश, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतला मुलूख, लिहिलेला सापडतो. तिथे नाहीच मिळालं तर बंदरावरच्या पोलिसांनी ठेवलेल्या, देश सोडून जाणाऱ्यांच्या याद्या आहेत. त्यांत ‘क्रिस्टियानिया’ दिसलं तर गोंधळू नका, ते आजचं ओस्लो.

पॅरिश कळली की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘डिजिटलआर्किवेट’ उघडा. पैसे पडत नाहीत. १८६५ आणि १८७५ च्या जनगणना नावानिशी आहेत. १८६५ मध्ये चालू वर्ष धरून वय लिहायचे, म्हणून पाच पूर्ण झालेलं पोर सहाचं दिसेल. त्यावरून माणूस बाद करू नका. चर्चच्या वह्या जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरात आहेत. मोडी शिकताना माझे डोळे जसे शिणले तसे सूनबाईंचे शिणतील, पण दहाएक पानांनंतर हात ओळखू यायला लागतो. बाप्तिस्म्याची नोंद तर बघाच, पण मला जास्त गोडी कन्फर्मेशनच्या, म्हणजे जाणत्या वयात श्रद्धा स्वतः कबूल करायच्या चर्चमधल्या विधीच्या, पानाची. पंधराच्या आसपासचं पोर, जन्मतारीख, आईबाप, राहती वाडी आणि शिवाय देवी काढल्याची तारीख! देवी काढल्याशिवाय कन्फर्मेशन नाही आणि लग्नही नाही, असा हुकूमच १८१० पासून होता.

आणखी एक. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची तिकडे चाल होती, आपल्यासारखीच. पक्का नियम नव्हे, पण उले थोरला असेल तर जनगणनेत त्याचा बाप ‘लार्स उल्सन’ म्हणून शोधून पाहा.