चवथीला जमलेल्या कुटुंबाचा फोटो घरच्या घरी कसा काढावा?

आपण विचारले आहे की, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी अठरा-वीस माणसे जमतात, छायाचित्रकाराला बोलवायचे नाही, मागच्या वर्षी फोनवर काढलेले सगळे फोटो काळपट आणि हललेले आले, तर या वर्षी काय करावे आणि त्यासाठी नवा कॅमेरा घ्यावा का. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी गेली नऊ वर्षे हे काम माझ्याकडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कॅमेरा घेऊ नका. आपल्या तक्रारीवरून फोटो देवखोलीत, रात्रीच्या आरतीनंतर, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेले असावेत असे वाटते, आणि तसे असेल तर महागड्या कॅमेऱ्यानेही फारसा फरक पडला नसता. वेळ आणि जागा बदलली की आपल्या हातातला फोन पुरेसा आहे.

वेळ सर्वांत आधी ठरवावी आणि ती स्वयंपाकघरात विचारून ठरवावी. तीन वर्षांपूर्वी मी जुने फोटो क्रमाने लावायला घेतले तेव्हा लक्षात आले की, सलग सहा चवथींच्या सामूहिक फोटोंत माझ्या सासूबाई आणि धाकटी जाऊ एकदाही नव्हत्या. आरती संपली की सगळे मखरापुढे उभे राहत आणि फोटो निघत असे; नेमक्या त्याच वेळी त्या दोघी आत नैवेद्याची पाने वाढत असत. कोणी त्यांना मुद्दाम वगळले नव्हते, आणि त्या सहांपैकी सहाही फोटो मीच काढलेले होते. ज्यांच्या हातच्या पातोळ्या आणि खतखते खाण्यासाठी माणसे मुंबईहून रात्रभर प्रवास करून करमळी स्टेशनावर उतरतात, त्यांचाच त्या दिवसाच्या फोटोत मागमूस नसावा, याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून आमच्याकडे फोटोची वेळ बदलली.

आमचा गणपती दीड दिवसाचा असतो. पहिल्या दिवशी सकाळपासून पूजा, नैवेद्य आणि जेवणे यांत कोणालाच उसंत नसते. दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपून भांडी घासून झाली की, चारच्या सुमारास घर थोडे निवांत होते आणि उत्तरपूजेला अजून अवकाश असतो. म्हणून साडेचार ही वेळ आम्ही ठरवली आहे. या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होत असल्याने त्या वेळी उजेडही चांगला असतो. आदल्या रात्री सर्वांना वेळ सांगून ठेवते आणि चहा फोटो झाल्यावरच मिळेल असेही सांगते. माणसे वेळेवर यायला याचा मोठा उपयोग होतो. आपल्याकडे गणपती पाच किंवा सात दिवसांचा असेल तर निवड अधिक सोपी आहे, फक्त मुंबई-पुण्याची मंडळी परतण्याआधीचा दिवस धरावा.

जागेबद्दल माझे मत ठाम आहे: सामूहिक फोटो वसरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत काढावा, देवखोलीत नाही. भाद्रपदात आपल्याकडे आभाळ बहुधा भरलेले असते, आणि ढगांतून गाळून येणारा उजेड चेहऱ्यावर सगळीकडून सारखा पडतो; डोळ्यांखाली काळ्या सावल्या येत नाहीत आणि कोणाला डोळे बारीक करावे लागत नाहीत. माणसांनी वसरीच्या कडेशी, अंगणाकडे तोंड करून बसावे आणि फोन अंगणात ठेवावा. कौलांचा पुढे आलेला पाखा वरचा उजेड अडवतो, समोरचा उजेड चेहऱ्यांवर येतो, मागची भिंत आपोआप थोडी काळोखात जाते आणि चेहरे उठून दिसतात. वसरीचे तोंड पश्चिमेला नसेल तर ऊन पडले असले तरी ही जागा सावलीत राहते. अंगणात उन्हात उभे करून काढलेला फोटो मात्र जवळजवळ नेहमी फसतो. वसरीतला दिवा तेवढा बंद करावा, कारण बल्बचा पिवळा आणि आभाळाचा निळसर उजेड एकाच चेहऱ्यावर एकत्र आला की फोनला रंग नीट ठरवता येत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. पावसाच्या झडीपासून बचाव म्हणून आपल्याकडे पुष्कळ घरांच्या दर्शनी बाजूला निळी ताडपत्री बांधलेली असते. आमच्याकडेही होती, आणि एका वर्षी फोटोतले सगळे चेहरे निळसर, आजारल्यासारखे आले. नंतर रंग दुरुस्त करायचा प्रयत्न केला तेव्हा चेहरे सुधारले, पण पांढरे सदरे पिवळे पडले. आता त्या अर्ध्या तासापुरती ताडपत्री गुंडाळून वर बांधतो. वसरीच्या अगदी जवळ केळी असतील तर त्यांचीही हिरवी झाक चेहऱ्यावर येते. दोन पावले सरकून बसले की ती जाते.

फोन किती अंतरावर ठेवावा हे बहुतेक जण पाहत नाहीत. मागची भिंत आड येते म्हणून लोक फोनमधले अतिरुंद (अल्ट्रावाइड) भिंग वापरतात, आणि मग कडेला बसलेल्या आत्याचा चेहरा आणि दंड ताणल्यासारखे दिसतात. फोनच्या मुख्य भिंगातून ३ मीटर अंतरावर साधारण ४ मीटर रुंदीचे दृश्य मावते, आणि सहा-सहा माणसांच्या तीन रांगांना तेवढी रुंदी पुरते. अंगण मोठे असेल आणि फोनमध्ये २ पट मोठे दाखवणारे वेगळे भिंग असेल, तर ६ मीटर मागे जाऊन ते वापरावे. तेवढीच रुंदी मावते, आणि पुढच्या रांगेतली डोकी मागच्यांपेक्षा फार मोठी दिसत नाहीत. बोटांनी चित्र ताणून मोठे करण्यात मात्र अर्थ नाही, त्याने फक्त बारकावे जातात. फोनची उंची बसलेल्यांच्या डोळ्यांपेक्षा किंचित वर असावी. मागची पार्श्वभूमी धूसर करणारी पोर्ट्रेट सोय सामूहिक फोटोत वापरू नये. ती हिशेबाने धूसरपणा तयार करते आणि त्यात कोणाचा कान तर कोणाच्या डोक्यातला गजरा हमखास पुसला जातो.

वयस्कर माणसांना मधल्या रांगेत खुर्च्यांवर बसवावे, मुलांना पुढे पायरीवर, आणि उंच मंडळी मागे उभी राहावीत. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला सांगावे की, त्याला फोनचे भिंग दिसत नसेल तर भिंगालाही तो दिसणार नाही. माणसांचा क्रम मी आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी कोणी कुठे बसायचे यावर चर्चा होत नाही. पाय दुखणाऱ्या आजेसासूबाई सर्वांत शेवटी येऊन बसतात आणि सर्वांत आधी उठतात.

फोन कोणाच्या हातात देऊ नये. जो काढतो तो फोटोतून गळतो. साधा तिपाई स्टँड घ्यावा. आपल्या प्रश्नात खर्चाची तयारी दिसते, ती इथे वापरावी. चिऱ्यांच्या, शेवाळ आलेल्या अंगणात स्टँड हलतो, म्हणून मधल्या खिळीला तांदळाची पिशवी अडकवावी. स्टँड नसेल तर उंच स्टुलावर पाट, पाटावर पाण्याने भरलेली कळशी आणि तिला टेकवून फोन, असे आम्ही पहिली दोन वर्षे केले आणि ते टिकले. १० सेकंदांचा टायमर लावून धावत जागेवर जाता येते, पण प्रत्येक फोटोसाठी धावणाऱ्याचा श्वास आणि चेहरा दोन्ही बिघडतात. ब्लूटूथचे छोटे बटण मुठीत धरून बसणे अधिक चांगले. त्याआधी भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. चवथीच्या दिवसांत फोन सतत तेलकट आणि नारळ खवलेल्या हातांतून फिरतो आणि भिंगावरचा तो पातळ थर सगळा फोटो धुरकट करतो.

किती फोटो काढावेत, यावर खरोखर गणित झालेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी, एकाही माणसाचे डोळे मिटलेले नसतील असा निदान एक फोटो हाती येण्यासाठी किती फोटो काढावे लागतात याचा हिशेब मांडला, आणि २००६ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल हा गमतीदार संशोधनासाठीचा पुरस्कार मिळाला. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने आणि कमी उजेडात २ ने भागावे, असा त्यांचा सोपा नियम आहे. म्हणजे आपल्या अठरा जणांसाठी वसरीत ६ आणि देवखोलीत ९. उजेड कमी असला की छायाचित्रणाला वेळ अधिक लागतो आणि तेवढ्या वेळात कोणाची तरी पापणी मिटते, हे त्यामागचे कारण. लहान मुले इकडेतिकडे पाहतात, म्हणून मी त्या आकड्याच्या दुप्पट काढते. तरीही सगळे दहा मिनिटांत संपते, आणि ते संपलेच पाहिजे. त्यानंतर मुलांचा आणि मोठ्यांचाही चेहरा उतरतो.

देवखोलीतला फोटो नकोच असे मी म्हणत नाही. तेथे चार-पाच जणांचे छोटे गट घ्यावेत, दिवसा, दार-खिडक्या उघडून, आणि माणसांना मखराच्या समोर न ठेवता बाजूला, दाराच्या उजेडाकडे तोंड करून उभे करावे, म्हणजे देवाकडे पाठही होत नाही आणि चेहराही उजळतो. फ्लॅश बंद ठेवावा, कारण मखराच्या चकाकत्या कागदावरून तो परत येतो. रात्रीचा मोड अनेक चित्रे एकत्र करतो, त्यामुळे आरतीत हलणारे हात आणि घुमट या वाद्यावर पडणारी बोटे पुसट होतात. विजेच्या माळांमुळे फोटोत काळे आडवे पट्टे येत असतील तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून पाहावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि या दोन वेगांशी त्यांचा मेळ बसतो.

माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा फोटो पहिल्याच सकाळी घ्यावा. कांगणीची फळे, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा घोस हे सगळे दुसऱ्या दिवसापर्यंत कोमेजू लागते. थेट खाली उभे राहून वर फोन धरला तर माटोळी वाकडी दिसते. शक्य तितके मागे सरकून, फोन सरळ उभा धरून घ्यावा. गेल्या वर्षी मी सासूबाईंना प्रत्येक फळाकडे बोट दाखवून त्याचे नाव सांगायला लावले आणि त्याचा व्हिडिओ केला. त्यांतल्या निम्म्या रानफळांची नावे घरातल्या मुलांना माहीत नव्हती.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर त्याचा आकार लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोनचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणाचा असतो, त्यामुळे ४ बाय ६ इंचांच्या छपाईत वरचा किंवा खालचा भाग कापला जातो. डोक्यांच्या वर जागा सोडावी, किंवा ६ बाय ८ इंचांची प्रत काढावी, तीत काहीच कापले जात नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो ८ बाय १० इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. चौकटीत काच थेट फोटोला टेकू देऊ नये, मध्ये जाड कागदाची किनार ठेवावी. आपल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने वर्ष आणि प्रत्येकाचे नाव रांगेच्या क्रमाने लिहावे. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात, आणि मागच्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी मधल्या रांगेत स्वतःचे नाव लिहिले.