अकरा वेळा मेलेला बॉस

"मॅडम, मी माझ्या बॉसला अकरा वेळा मारलंय," असं म्हणत त्यांनी एक जाड वही माझ्या टेबलावर ठेवली आणि लगेच खुलासा केला, "म्हणजे गोष्टींत."

वय अडतीस, हिशेब विभागात बारा वर्षं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि गोष्टींबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.) रात्री सगळे झोपले की ते ऑफिसातल्या भयकथा लिहीत. वही बायकोच्या हाती लागली. ती घाबरली, आणि तिला घाबरलेलं पाहून हेही घाबरले. "असलं सुचणाऱ्या माणसाच्या हातून खरंच काही होऊ शकतं का?"

शब्द वेगळे असतात, पण हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. नको ते विचार मनात येणं ही वेडाची किंवा गुन्ह्याची पहिली पायरी, असं लोकांना वाटतं. रॅचमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली, कुठलाही मानसिक आजार नसलेल्या साध्या माणसांना त्यांच्या मनातल्या नकोशा विचारांबद्दल विचारलं होतं. बहुतेकांनी असे विचार येतात हे कबूल केलं, आणि त्यात दुसऱ्याला इजा करण्याचेही होते. तरीही मी विचारायचं ते सगळं विचारलं. साहेबांवर पाळत ठेवता का? कधी कुणावर हात उचललाय? बेत आखलाय का? उत्तरं सरळ आली. घरातलं झुरळसुद्धा बायकोच मारते, म्हणाले.

मग वही वाचली. वाचताना दोनदा मोठ्याने हसले, ते व्यावसायिक शिस्तीत बसत नाही. एका गोष्टीत झेरॉक्स मशीन साहेबांना गिळतं आणि पाठपोट छापून बाहेर काढतं, काळ्या-पांढऱ्यात, कारण रंगीत प्रिंटला मंजुरी नसते. दुसरीत रक्तपिपासू साहेब वार्षिक मूल्यमापनाला प्रत्येकाच्या मानेतून घोटभर रक्त पिऊन शेरा देतात : 'अपेक्षेनुसार'. तिसरीत मेलेल्या कर्मचाऱ्याला यमदूत न्यायला येतात, तर एचआर त्यांना थांबवतं. नोटीस पिरियड अजून पूर्ण झालेला नसतो.

साहेबांच्या मरणाची मला काळजी वाटली नाही. मी पाहत होते ते गोष्टीतल्या कारकुनाकडे. साहेब अकरा वेळा मरतात, पण हा एकदाही घरी जात नाही. झेरॉक्समधून साहेब बाहेर पडले की हा ती पानं क्रमाने लावून स्टेपल करतो.

वहीत बारावी गोष्टही होती, दीड पानांची. तिच्यात कुणी मरत नाही, विनोद नाही. कारकून फाइलींच्या कपाटात आडवा होतो आणि आतून दार लावून घेतो. बस, एवढंच.

वही मिटून मी थेट विचारलं, "स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात तो विचार भरतो, हा समज चुकीचा आहे. उलट माणूस मोकळा होतो. ते बराच वेळ गप्प राहिले. "मरावंसं नाही वाटत," शेवटी म्हणाले, "पण सकाळ होऊच नये असं वाटतं."

आमचं खरं काम तिथून सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन करताना तीन गोष्टी सांगितल्या : अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या न आटोपलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हणते. ह्यांच्यात तिन्ही होत्या. पण सकाळ नकोशी वाटणं मी तेवढ्यावर सोडून देत नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांचं मतही घेतलं. बायकोला एकदा सोबत बोलावलं. रात्री अकरापर्यंत मेलला उत्तरं देणं कुणी सक्तीचं केलंय हे शोधलं, तर तसं कुणी सांगितलेलंच नव्हतं.

लिहिणं बंद करायला मात्र मी सांगितलं नाही. पेनेबेकर आणि बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनात सलणाऱ्या घटनांबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांना लगेच थोडं वाईटच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा गोष्टी लिहाच, म्हटलं. फक्त एक अट घातली : कारकुनाला एकदा तरी संध्याकाळी सहाला उठवायचं.

यायला त्यांनी पाच आठवडे घेतले. "जमत नव्हतं हो. खुर्ची सोडतच नव्हती त्याला." नव्या गोष्टीत बारा वर्षांत खुर्चीला मुळं फुटून ती कारकुनाच्या पाठीत गेलेली असतात. शेवटी तो खुर्चीसकट निघतो. लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून जिन्यावरून धडधडत उतरतो, भर रस्त्यातून घरंगळत जातो आणि घराची बेल वाजवतो.

"बायको घाबरते?" मी विचारलं.

"छे. ती म्हणते, चाकं पुसून आत ये."