ह्यूस्टनजवळच्या किनारी गवताळ प्रदेशात स्थानिक झाडं लावायला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. काहीच अनुभव नाही, तर उपयोग होईल का?

हो, नक्की होईल. फक्त तुम्ही ‘झाडं लावायला’ असं लिहिलंय, त्याबद्दल आधीच सांगते. इथे लावायची असतात ती गवतं आणि रानफुलं. झाडं बहुतेक वेळा तोडायची असतात.

मी क्लिअर लेक भागात राहते आणि आर्मंड बायू नेचर सेंटरमध्ये या कामाला नेमाने जाते. टेक्सस आणि लुइझियानाच्या किनाऱ्यालगत एके काळी सुमारे ९० लाख एकर गवताळ प्रदेश होता. भातशेती, पाठोपाठ शहरं आणि हमरस्ते आले आणि मूळ स्वरूपातला एक टक्कासुद्धा शिल्लक राहिला नाही. जो राहिला त्यात चायनीज टॅलो हे बाहेरून आणलेलं झाड घुसतं. शरदात पानं लालभडक होतात म्हणून लोकांनी ते हौसेने अंगणात लावलं. त्याच्या पांढऱ्या, मेणचट बिया पक्षी खातात आणि लांबवर पसरवतात. लक्ष दिलं नाही तर थोड्या वर्षांत टॅलोचं दाट रान उभं राहतं आणि सावलीत गवत मरून जातं. नुसतं कापलं तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, त्यामुळे कापल्याबरोबर खुंटाला तणनाशक लावावं लागतं. ते आणि झाडं-झुडपं माजू नयेत म्हणून ठरवून गवत जाळण्याचं काम प्रशिक्षित माणसं करतात. आपण रोपटी कापायची, फांद्या ओढून बाजूला रचायच्या.

वृक्षारोपणाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या माणसांचा हात इथे थबकतो. पण माळढोकाला उघडा माळ लागतो हे सोलापूरकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. इथे तशीच गरज अ‍ॅटवॉटर्स प्रेअरी चिकनची आहे. हा पक्षी जमिनीवर घरटं करतो, वसंतात नर मोकळ्या जागी जमून नाचतात. १९६७ पासून तो संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे, आणि ईगल लेकजवळ १९७२ पासून त्याच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. गवताळ जमीन म्हणजे रिकामी पडलेली जमीन, हा समज गेल्याशिवाय त्याला जागा मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

अनुभवापेक्षा नजर महत्त्वाची, आणि ती हळूहळूच येते. लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास ही तीन गवतं आधी ओळखायला शिका. मग उपटायची कुठली ते कळू लागतं. उपटायच्या गवतांतलं एक तुमच्या ओळखीचं निघेल: मारवेल! आपल्याकडे चाऱ्यासाठी नावाजलेलं हे गवत टेक्ससमध्येही चाऱ्यासाठीच आणलं, इथे त्याला क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात. पण इथे ते एकदा पसरलं की मूळच्या गवतांना आणि फुलांना जागाच उरत नाही. गावाकडे मारवेलाच्या पेंढ्या पाहिलेल्या असल्याने मला त्याचं फार वाईट वाटतं, तरी काढावं लागतं.

मातीही ओळखीची वाटेल. काळसर, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात बुटाला लगदे धरणारी. आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीच्याच गटातली, व्हर्टिसोल. या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो आणि ह्यूस्टनला वर्षाला साधारण १२५० मिलिमीटर पाऊस पडतो. खोल मुळांची गवतं ते पाणी जमिनीत उतरायला वाट करून देतात, धावणारं पाणी अडवतात. २०१७ च्या हार्वी वादळातल्या पुरानंतर शेजारीपाजारीही या गवतांबद्दल विचारू लागले.

मला सगळ्यात आवडतं ते बी गोळा करणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत तांबूस झालं की काडी हलक्या मुठीत धरून वर ओढायची, बी तळव्यात उतरतं. सगळं ओरबाडायचं नाही, बरंचसं तिथेच ठेवायचं. बी शक्य तितकं जवळपासचंच घेतात, कारण ते इथल्या पाण्याला आणि उन्हाला सरावलेलं असतं. म्हणून कधीच नांगर न लागलेले छोटे तुकडेसुद्धा मोलाचे आहेत. ह्यूस्टनजवळच्या डिअर पार्क या शहरातला असाच सुमारे ५० एकरांचा तुकडा २०१३ मध्ये घरबांधणीत जाणार होता, लोकांनी वर्गणी काढून तो वाचवला. गोळा केलेलं बी ट्रेमध्ये पेरतात, रोपं कुंड्यांत वाढवतात आणि बहुतेक लावणी थंडीत होते, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळं धरतात.

तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुरुवात करा, जूनच्या दमट उकाड्यात नको. लांब बाह्यांचा सदरा, जाड विजार, घोट्यावर येणारे बूट, हातमोजे आणि भरपूर पाणी आणा. लाल मुंग्यांच्या वारुळावर पाय पडू देऊ नका, आणि पॉयझन आयव्ही ही अंगाला लागली की खाज उठवणारी वेल कशी दिसते ते पहिल्याच दिवशी कुणाला तरी दाखवायला सांगा. खुरपी, करवती तिथे मिळतात. जाण्याआधी केंद्राच्या संकेतस्थळावर नाव तेवढं नोंदवा.