आजोबांचं लाडकं पुस्तक मला सोसवत नाही

‘मावशी, मी रत्नागिरीत अकरावीला आहे. इंग्रजीच्या बाईंनी हुकूमशाहीवरची ऑर्वेलची ‘1984’ लावलीय. अर्धी कादंबरी झपाटल्यासारखी वाचली, पण शेवट वाचून पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं. ज्युलियाला तर काही डोकंच नसल्यासारखं दाखवलंय. आजोबा आणीबाणीत तुरुंगात होते, त्यांचा या पुस्तकावर फार जीव. त्यांना कसं सांगू?’

अगं पोरी, पुस्तक वाचून संताप येणं वेगळं आणि पुस्तकात खोट असणं वेगळं. तुझ्या पत्रात दोन्हींचा गुंता झालाय.

शेवटाचा संताप आधी घेऊ. छळकोठडीत उंदरांचा पिंजरा तोंडाशी येतो तेव्हा नायक विन्स्टन आपल्या प्रेयसीलाच, ज्युलियालाच, पुढे करतो आणि शेवटी ज्या हुकूमशहाचा द्वेष करायचा त्या ‘बिग ब्रदर’वर प्रेम करू लागतो. तो वाचेल, निदान मनातून तरी शाबूत राहील, अशी आस तू धरून होतीस. ऑर्वेलनं ती मुद्दाम मोडलीय. तुमच्याकडे थिबा राजवाडा आहे ना? ज्या ब्रिटिश सत्तेनं ब्रह्मदेशाच्या त्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं, तिचाच पोलीस अधिकारी म्हणून ऑर्वेल 1922 ते 1927 ब्रह्मदेशात होता. माणसाला वाकवणारी सत्ता त्यानं आतून पाहिली होती. म्हणून या शेवटाला मी खोट म्हणणार नाही, तो झोंबायलाच हवा.

ज्युलियाबद्दल मात्र मी सोळा आणे तुझ्या बाजूची आहे. विन्स्टन तो बंदी घातलेला ग्रंथ वाचून दाखवतो आणि ती झोपून जाते. ओळख होण्याआधी तो तिच्याविषयी ज्या हिंसक कल्पना करतो, त्या वाचताना मलाही शिसारी आली. थोर कादंबरी म्हणून हे पोटात घालायचं कारण नाही.

आणि तरी त्या पहिल्या अर्ध्यानं तुला झपाटलं, तेही खरंच आहे. कॅन्टीनमधला प्रसंग बघ. चॉकलेटचं रेशन 30 ग्रॅमवरून 20 वर आणलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी जाहीर होतं की ते वाढवून 20 केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले! आजूबाजूचे सगळे ते निमूट गिळतात आणि विन्स्टनला वाटतं, आठवण फक्त आपल्यालाच उरलीय की काय. आणीबाणीत मजकूर आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवून मग पेपर छापावे लागत. त्या काळात तुरुंगात राहिलेल्या माणसाला हे पान किती जवळचं वाटत असेल!

म्हणून आजोबांना गोड गोड काही सांगू नकोस. शेवट आवडला नाही, ज्युलियावर अन्याय झालाय, असं सरळ सांग. ज्यानं मत मांडण्यापायी तुरुंग भोगला, तो नातीच्या मतानं दुखावेल असं मला वाटत नाही. मग एक विचार. त्या वेळी काहीजण सरकारला विरोध करणार नाही असं हमीपत्र लिहून देऊन सुटले होते. त्यांच्याबद्दल आजोबांना तेव्हा काय वाटायचं आणि आज काय वाटतं? विन्स्टनचा तुला आलेला राग याच प्रश्नाशी येऊन थांबतो, आणि त्यावर बोलायला आजोबांइतकं जवळचं माणूस तुला दुसरं कोण मिळणार?

फक्त घरात पाहुणेरावळे असताना हा विषय काढू नकोस. दुपारी ओटीवर दोघंच असाल तेव्हा विचार. गप्प बसले तर खोदू नकोस, त्यांच्या सवडीनं सांगतील. बाईंना द्यायच्या निबंधात ज्युलियाबद्दलची तक्रार पुस्तकातले प्रसंग देऊन लिही, म्हणजे ती कुणाला उडवून लावता येणार नाही.

तुझी मावशी