उत्तर: ठाण्यात लग्न, दोन दिवसांनी इटली, आणि लग्नाच्या दाखल्याची घाई

तुझी पोस्ट वाचली आणि नवऱ्याला हाक मारून वाचून दाखवली, तो म्हणाला ही तूच लिहिलीयेस का. रविवारी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये (आपल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) लग्न, मंगळवारी रात्री इटलीचं विमान, तिकीट सासऱ्यांनी भेट म्हणून काढलेलं, आणि प्रश्न काय तर लग्नाचा दाखला दोन दिवसांत मिळतो का. दाखल्याची इतकी घाई कशाला हे तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. तिकिटावर सासरचं आडनाव आहे आणि पासपोर्टवर माहेरचं, बरोबर? अगं म्हणतेय, राग मानू नकोस, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार.

हुप्पा (लग्नाचा मांडव), कतुबा (लग्नाचं करारपत्र), अंगठी, मेंदी, कोणत्या दिवसांत लग्न धरत नाहीत वगैरे तुझ्या घरचे सांगतीलच, त्यात मी पडत नाही. व्हिसाचंही नाही, तो तू माहेरच्या नावावर काढला असशील, तेच बरोबर आहे.

आमचं २०१८ च्या नोव्हेंबरात झालं. रविवारी लग्न, बुधवारी रात्री मुंबईहून निघायचं, आधी व्हेनिस मग रोम. सासऱ्यांनी दोन महिने आधीच तिकीट काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ टाकली. नवी सून म्हणून माझ्या नावापुढे त्यांचं आडनाव, प्रेमानेच घातलेलं, त्यांना मी आजही दोष देत नाही. दोष माझा, कारण मी ते नाव बघितलं. नीट बघितलं. इतकी खूश झाले की स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवला, बघा गं नवीन नाव पहिल्यांदा छापून आलं म्हणून. दहावीपासून सगळे फॉर्म स्वतः भरणारी बाई मी, पण पासपोर्टवर वेगळं आडनाव आहे हे एकदाही डोक्यात आलं नाही.

लग्नानंतर सोमवारी सकाळी हाताची मेंदी अजून ताजी होती आणि मी सीट निवडायला बसले, तेव्हा पासपोर्टचं नाव टाकल्यावर लक्षात आलं. एअरलाइनच्या कॉल सेंटरवर पाऊण तास. ते म्हणाले दोन नावं म्हणजे आमच्यासाठी दोन माणसं, पण लग्नाचा सरकारी दाखला मेल करा, मग बघू. आम्हाला वाटलं सुटलो! दाखला काय, आज जाऊन उद्या आणू.

मग ते ऑफिस. कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी आधी नाव वाचलं, आडनावाच्या शेवटी कर. मग माझ्याकडे बघितलं, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. म्हणाले हिंदू लिहा की, ज्यू काय? मी म्हटलं आम्ही बेने इस्रायल ज्यू, कोकणातले, आमच्यातही मंगळसूत्र असतं. तेवढ्यात आमच्याबरोबर साक्षीदार म्हणून आलेले मामा मध्ये बोलले, "साहेब, लग्न आमच्या मशिदीत झालंय." झालं! आता आपली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, मस्जिद बंदर स्टेशनचं नावही आपल्याच जुन्या सिनेगॉगवरून पडलं असं ती सांगतात, पण हे त्या माणसाला कोण समजावणार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि निकाहनामा मागितला. नवऱ्याने घाईघाईत कतुबा काढली, ती सुंदर वेलबुट्टीची, आजीने फ्रेम करायला काढून ठेवलेली. ते म्हणाले हे उर्दू आहे का. आम्ही म्हटलं नाही, अरॅमिक. त्यावर पूर्ण टेबल गप्प.

पुढचं थोडक्यात सांगते नाहीतर माझं बीपी वाढेल. कतुबाचं मराठी भाषांतर आणा. लग्न लावणाऱ्याची सही आणा (ही मागणी बरोबर होती, हझानची (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याची) सही फॉर्मवर लागतेच, ती आमचीच चूक). मंगळवारी सही घेऊन गेलो तर लग्नाचं ठिकाण नोंदलेलं आहे का असं विचारलं, नवरा म्हणाला साहेब १८७९ पासून तिथेच आहे. मग शेवटी, तुमचा कायदा आमच्याकडे नाही, तुम्ही स्पेशल मॅरेज अॅक्टखाली या, ३० दिवसांची नोटीस लावू. लग्न झालेल्या माणसांना लग्नाच्या इराद्याची नोटीस! बुधवारी दुपारी चार वाजता आम्ही तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडलो आणि मी रस्त्यावर उभी राहून रडले, मेंदी लावलेल्या हातांनी, लोक बघत होते.

सासूबाईंचं मत पडलं की त्याचं नाव बरोबर आहे तर त्याला तरी जाऊ दे, हॉटेलचे पैसे फुकट कशाला घालवायचे. हे मी अजून दर वाढदिवसाला काढते.

खूप दिवस मी सगळा राग त्या ऑफिसवर काढला. पण खरं सांगू, दाखला मिळाला असता तरी एअरलाइन फक्त "बघू" म्हणाली होती, आणि मी आधीच्या दोन महिन्यांत कधीही फोन करून तिकीट पासपोर्टप्रमाणे करून घेतलं असतं तर त्या ऑफिसची पायरी चढायचीच गरज नव्हती. तुझ्या हातात अजून वेळ आहे, म्हणून सांगते, दाखल्याच्या मागे लागू नकोस, आज फोन कर. मागताना "लग्नानंतरचं नाव लावा" असं बोलू नकोस, "पासपोर्टवर आहे तसं करा" एवढंच. आडनाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही, निदान ही ट्रिप होईपर्यंत तरी बाबांचंच आडनाव राहू दे. सासऱ्यांना वाईट वाटेल ही भीती असेल तर नवऱ्याला बोलायला लाव, त्याचे बाबा आहेत.

आणि त्यांनी काहीच ऐकलं नाही तर तिकीट वेळेत कॅन्सल करा. नुसतं जायचं टाळलंत तर परतीचंही आपोआप रद्द होतं, आमचं हे थोडक्यात वाचलं. आम्हाला टॅक्स तेवढा परत मिळाला, नवीन तिकिटं दोघांची मिळून १ लाख १२ हजार, वर व्हेनिसच्या तीन रात्री गेल्या. गुरुवारचं विमान मिळालं नाही, शुक्रवार रात्री शब्बाथ असतो म्हणून आम्ही निघत नाही, मग शनिवारी तारे दिसल्यावर हवदाला (शब्बाथ संपतानाचा विधी) करून सरळ एअरपोर्ट. नवीन तिकिटात कोशर (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेल्या) जेवणाची नोंद आली नाही, ती वेगळी करावी लागते आणि किमान एक दिवस आधी, तेव्हा आम्ही चपाती आणि बटाट्याची कोरडी भाजी खात इटलीला पोचलो. तुझी नोंद तिकिटावर दिसतेय का बघ.

माझं वैयक्तिक मत, पटलं तर घे, लग्नानंतरचे सात दिवस घरीच राहावं. शेवा ब्राखोतला (लग्नानंतरच्या त्या दिवसांत म्हणायच्या सात आशीर्वादांना) दहा पुरुष लागतात, ते काय हॉटेलात मिळणार? आजी आधीपासून हेच म्हणत होती आणि मी तिला जुन्या वळणाची म्हणाले होते. त्या शुक्रवारी आम्ही अडकलेले म्हणून सगळे घरी जमले, किद्दुश (वाइनवरची शब्बाथची प्रार्थना) झालं, नारळाच्या दुधातली मटणाची करी, आजी इतकी खूश की मला राग यायला लागला. पण सुट्टी मिळत नसेल, बजेट नसेल तर तुझं तू ठरव, मी काही रब्बाय (धर्मगुरू) नाही आणि वकीलही नाही.

दाखला नंतर निवांत काढा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद होते, ९० दिवसांत अर्ज, तीन साक्षीदार. दुसऱ्यांदा आम्ही वेगळ्या ऑफिसात गेलो आणि २०१६ साली सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला त्याचा कागद छापून नेला, तिथल्या मॅडमनी तो वाचला, बरं म्हणाल्या आणि वीस मिनिटांत काम झालं. नियम आता बदलले असतील तर आधी विचारून जा. आणि मामांना नेऊ नका, किंवा नेलंत तर बोलू देऊ नका.

व्हेनिसला जाणार असशील तर घेट्टोत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या वस्तीत, नक्की जा. एक दिवसच मिळाला तरी आम्ही तो तिथेच घालवला. १५१६ मध्ये तिथल्या ज्यूंना त्या एका बेटावर राहायची सक्ती झाली, रात्री दारं बंद करायचे आणि पहारेकऱ्यांचे पैसेही त्यांनीच भरायचे. जागा वाढवता येईना म्हणून घरं वर वर चढवली, बुटके बुटके मजले आहेत. नवरा अलिबागचा, तो बराच वेळ ते दार होतं ती जागा बघत उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या इस्रायल आळीला (अलिबागची ज्यू आळी) कोणी कधी दार नाही लावलं. रोमला जुन्या ज्यू वस्तीत तळलेले आर्टिचोक मिळतात, कुरकुरीत, खेकडा भज्यांची आठवण येते.

आता पीडीएफ उघड आणि नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ, नवऱ्याचंही. इथे फोटो टाकू नकोस, पीएनआर (बुकिंगचा नंबर) दिसतो. फक्त काय छापलंय ते कळव.